शैलाचा चष्मा

१४ जानेवारी

आजही माझं माप घेतलं नाही. कपडेपटातल्या बाईने सगळ्यांना बोलावलं — शेरिफला, त्याच्या बायकोला, अगदी त्या घोडेवाल्यालासुद्धा. मला म्हणाली, "यू आर ऑल सेट, हनी." ऑल सेट! मी काय कालची आहे? ज्याचं माप घेत नाहीत, ते पात्र मरणार असतं.

तिसऱ्या सीझनमध्ये माझ्या डॉ. शैलाला मारणार. लिहून ठेवते.

१६ जानेवारी

मनातलं लिहायला मराठीच बरी. सेटवर कुणाला वाचता येत नाही. लंडनजवळ स्लाउला आई दर रविवारी बाराखडी गिरवून घ्यायची, तेव्हा किती रडायचे मी.

इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काय केलं? नर्स. दुकानदाराची बायको. पुन्हा नर्स. एका सिनेमात खून झालेल्या मुलाची आई — निदान रडायला मिळालं, बक्षीसही मिळालं, आणि त्यानंतर परत नर्स. पन्नाशी उलटल्यावर या टेक्ससच्या मालिकेने डॉक्टर केलं. शैलाला आडनाव आहे, घर आहे, राग आहे. ती गेली तर मी लंडनला परत. आता बहुतेक नर्सच्या आईचं काम मिळेल.

१९ जानेवारी

वाणसामानाला गेले होते. दुकानाच्या मालकीणबाई रेखाकाकूंनी मला बघितलं आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या चष्मा काढला. ओढणीच्या टोकाने पुसायला लागल्या. तोंडातून शब्द नाही. रांगेतली माणसं हसली. "डॉक्टर शैला चिडल्या हं," एकजण म्हणाला.

ते शैलाचं नाही, आईचं आहे. आई चिडली की बोलायचीच नाही. पदराने चष्मा पुसत राहायची. बाबा निमूट बागेत जायचे. पहिल्या एपिसोडला माझ्याकडून सहज झालं, आणि लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. आई जाऊन सहा वर्षं झाली आणि आता इथे, प्लेनो गावातल्या दुकानात भेटते. बरं वाटलं. काकूंनी मेथीची जुडी वरून टाकली पिशवीत.

२ फेब्रुवारी

डीन भेटला. निर्माता तोच, कथाही त्याचीच. म्हणाला, शैलाच्या एका भाचीचं पात्र येतंय, इथलीच मुलगी आहे, तिची जरा तयारी करून घेशील का?

भाची! म्हणजे मावशी जिवंत! आज पोटभर जेवले.

५ फेब्रुवारी

मुलगी मूळची नागपूरची, नाव अस्मिता. तिशीची असेल. "ताई, कॉलेजमध्ये एकांकिका केल्या होत्या. इथे दिवसभर कोडिंग. ग्रीन कार्ड आलं ना, तेव्हा म्हटलं अप्लाय करून तर बघू यार."

ऑडिशनच्या पानांवर पात्राचं नाव रीना. ही रीना अगदी शैलासारखीच तापट आहे. म्हटलं, बरोबर आहे, भाची मावशीवर गेलीये. तू माझंच सगळं उचल.

११ फेब्रुवारी

रोज ऑफिसातून थेट माझ्याकडे येते. आधी चालणं शिकवलं, मग गप्प बसणं — ते जास्त अवघड. आज चष्मा. फार घाई करत होती.

"घाई करू नकोस," मी म्हटलं. "आधी एक काच. मग दुसरी. आणि समोर बघायचं नाही."

तिने केलं. खुर्चीत आईच बसली होती. चहा टाकते म्हणून आत गेले आणि रडून घेतलं.

१५ फेब्रुवारी

डीनसमोर वाचन झालं. त्याचे डोळे भरून आले. "मीना, यू गेव्ह हर एव्हरीथिंग." मी फुगले. घरी येताना हायवेच्या चुकीच्या एक्झिटने बाहेर पडले, तरी गुणगुणत होते.

२६ फेब्रुवारी

डीनने जेवायला नेलं. तेव्हाच कळायला हवं होतं. बोकडाला आधी ओवाळतात.

शैला मरत नाही. तरुण होते. गोष्ट पंचवीस वर्षं मागे जाणार आणि तिथेच राहणार. भाची वगैरे कुणी नाही. तरुण शैला — अस्मिता.

बातमी फुटू नये म्हणून ऑडिशनच्या पानांवर खोटी नावं घालतात. मला हे माहीत नव्हतं का? मीच अशी कितीतरी पानं वाचली आहेत. पण मला जगायचं होतं, म्हणून भाची खरी वाटली.

सूप थंड झालं. छान होतं म्हणून सांगितलं.

२७ फेब्रुवारी

अस्मिता दारात उभी. डोळे सुजलेले. "ताई, मलाही आत्ताच कळलं, शप्पथ. तुम्ही नको म्हणाल तर मी नाही करत."

चिडायचं होतं. फार चिडायचं होतं. पण हिला मीच घडवलं, आणि चांगलं घडवलं. म्हटलं, कर. नाहीतर दुसरी कुणीतरी येईल, तिला शैला म्हणजे काय तेही कळायचं नाही.

"फक्त एक," मी म्हटलं. "चष्मा नको. तो आईचा आहे. तेवढा मला परत दे."

"प्रॉमिस, ताई." पाया पडली. मी तिला ओढून जवळ घेतलं.

१ मार्च

सामान बांधतेय. रेखाकाकूंनी लाडू पाठवलेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

३ मार्च

अस्मिताचा फोन. नवं स्क्रिप्ट आलंय. तिने वाचून दाखवलं: शैला चष्मा काढते. ओढणीच्या टोकाने पुसते. आधी एक काच, मग दुसरी. समोर बघत नाही.

"ताई, सॉरी. त्यांनी लिहूनच ठेवलंय."

मी म्हटलं, घाई करू नकोस.