भिंतीवरचा तिसरा कुत्रा

सफक, इंग्लंड,
४ मार्च १९५८

चि. रूबेनला थिर्झाताईचे अ. आ.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. भिंतीला ओल आली म्हणून स्वयंपाकघरातलं भांड्यांचं मोठं कपाट हलवलं, तर मागे तुझा कुत्रा! तेव्हा चुन्याचा पोपडा पडून हरणाचे रंगवलेले पाय दिसले होते, आणि चौदा वर्षांचा असताना तू मेंढ्यांना खुणा करायचा गेरू दुधात कालवून त्यांच्यामागे सोडलेला, तोच. लंडनहून जुन्या चित्रांचे जाणकार आलेत, मि. पेलम. त्यांनी बाकीची भिंत खरवडली तशी चारशे वर्षांपूर्वीची अख्खी शिकार निघाली: घोडेस्वार, हरणं, दोन कुत्रे. तिसरा तुझा, आणि साहेब म्हणतात तिघांत तोच जातिवंत! मी चहा ओतत राहिले. मागाहून रंगवलेलं ते सगळं काढणार आहेत. खरं सांगितलं तर कुत्रा जाईल. काय करू?

तुझी,
थिर्झाताई

ओटागो, न्यूझीलंड,
२५ मार्च

ती. थिर्झाताईस सा. न. वि. वि.

सांगून टाक. त्या कुत्र्यावरून बाबांनी मला बदडलं, उद्याच चुना फासतो म्हणाले. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं तेव्हाही ऐकवलं, की चित्रांनी पोट भरत नाही. बावीस नाताळ त्यांना पत्रं टाकली, एकाचं उत्तर नाही. इथे पानगळ लागली. आपल्या बांधावर प्रिमरोज फुलले असतील. घराची फार आठवण येते गं.

एक कळत नाही. बाबा दर ईस्टरला चुना लावायचे, डुकरांच्या खोपटाचा कोपराही सोडायचे नाहीत. मग कुत्रा राहिला कसा? शेवटी माझं नाव तरी काढलं का त्यांनी?

तुझा,
रूबेन

सफक,
१२ एप्रिल

चि. रूबेनला अ. आ.

नाव नाही काढलं. खोटं कशाला सांगू?

साहेबांना सगळं सांगितलं. आधी कानापर्यंत लाल झाले, मग खो खो हसले. कुत्र्याभोवतीचा चुना त्यांनी अजून खरवडला नव्हता. तिथे भिंग लावलं आणि मला जवळ बोलावलं. भोवती चुन्याचे थरावर थर, कुत्र्यावर एकही नाही. शेपटीच्या कडेने, चारी पायांमधून ब्रश जपून फिरवलाय, वर्षानुवर्षं. कपाटामागचं काम बाबा एकटेच करायचे, आम्हांला बाहेर घालवून. मला वाटायचं, आमची कटकट नको म्हणून. मी तिथेच फरशीवर बसून रडले रे.

साहेबांना बजावलंय, घर माझं आहे, कुत्रा राहील. पण ओल वर चढतेय, आणि गेरू आताच बोटाला लागतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेल असं साहेबांना वाटत नाही.

लोभ आहेच; वृद्धी इथे येऊन कर.

तुझी,
थिर्झाताई