फळ्यावरचं नाव

६ जानेवारी १९३६
नवी वही, नवा संकल्प. वाचनालयाच्या दाराशी काळा फळा लागलाय. चिटणीस आनंदराव म्हणाले की वर्धापनदिनी, म्हणजे १ मार्चला, एका वाचकाची निवड होणार. मग दर आठवड्याला त्याचा पुस्तकावरचा अभिप्राय फळ्यावर आणि खाली त्याचं नाव. अख्ख्या भोरात मी सोडून दुसरं आहे कोण? आमच्या कचेरीतला हेडक्लार्क मासिकं चाळतो ती चित्रांसाठी. 'ना. वि. बोकील' सुटसुटीत वाटतं, 'नारायण विष्णू बोकील' भारदस्त. उद्या फळ्याची रुंदी मोजावी.

७ जानेवारी
फळा रुंद आहे. पूर्ण नाव मावतं.
'कादंबरी आणि औचित्यविचार' हा माझा चौदा पानी अभिप्राय दिवाळीपासून वाचनालयात खिळ्याला टांगलेला आहे. पहिलं पान हात लागून मळलंय, उरलेली तेरा करकरीत. लोक पानं जपून उलटतात हे पाहून बरं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत
गोड बोलायचा दिवस, पण कसं बोलणार? तो चिमाजी! सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर, राहणार आंबवडे, शिक्षण मराठी चौथी. वाचनालयाचं पुण्याचं पार्सल कापूरहोळहून ह्याच्याच मोटारीतून येतं. उतारू भरेपर्यंत हा पठ्ठ्या पार्सल सोडतो आणि वाचत बसतो! नव्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असतात, ती पेरूच्या चाकूने फाडतो. म्हणजे सभासदांच्या आधी ड्रायव्हर. वर मत देतो ते निराळंच.
आज स्टँडवर पाचसहा जणांनी त्याला नवी कादंबरी कशी आहे म्हणून विचारलं. तर म्हणाला, "बाई सतरा येळा बेसुद पडती. माज्या गाडीत असती तर भाटघरलाच उतरवली असती." लोक पोट धरधरून हसले. ह्यात हसण्यासारखं काय आहे?

२४ जानेवारी
आज चिमाजीचा दुसरा अभिप्राय: "ह्या बुकापायी तीन पाशिंजर म्या कापूरहोळलाच इसरलो." झालं! दिवे लागायच्या आत वाचनालयात त्या पुस्तकाच्या यादीला अकरा नावं लागली. बारावं आमच्या सौ. कुंदाचं. घरात एवढा टीकाकार बसलेला असताना ड्रायव्हरच्या शब्दावर पुस्तक? माझी चौदा पानं का नाही वाचलीस, असं विचारलं. तिने विचारलं की त्यात शेवटी काय होतं. टीकेला शेवट नसतो, असं मी सांगितलं. म्हणाली, तेच ना.
मला मत्सर नाही. मत्सर बरोबरीच्या माणसाचा करतात. फक्त छातीत जळजळतंय. उद्यापासून चहा बंद.

२५ जानेवारी
चहा घेतला. जळजळ चहाची नव्हती.

२८ जानेवारी
वाचनालयाला अर्ज दिला, तीन प्रतींत. पार्सलं ह्यापुढे लाखेचं सील लावून यावीत. पुरावा जोडला: चाळिसाव्या पानावर पेरूची बी, चिकटलेली. आनंदराव कुरकुरले. म्हणे चिमाजी पानं फाडून देतो ते आपलंच काम वाचतं. पण अर्ज माझ्या अक्षरातला! मंजूर झाला. आता बघू म्हणावं, मत कुठून आणतोस ते.

५ फेब्रुवारी
सीलबंद पार्सल आलं. चिमाजीने ते कानाशी धरून जरा हलवलं आणि मुकाट्याने दिलं. त्याचं तोंड बघून काल रात्रीपेक्षा आज दोन पोळ्या जास्त गेल्या.
मी त्यातला सर्वांत जाड ग्रंथ उचलला. जुनं महाकाव्य, भाषांतरासह, सहाशे चाळीस पानं. वर्धापनदिनी त्याच्यावर लेक्चर देणार. कादंबऱ्या काय, कोणीही वाचतं.

९ फेब्रुवारी
प्रस्तावनेची पहिली दोन पानं वाचली. ग्रंथाचा आवाका ध्यानात आला. रोज चाळीस पानं म्हणजे सोळा दिवस. सहज जमेल.

१३ फेब्रुवारी
ग्रंथ काखेत घेऊन बाजारातून दोनदा गेलो. लोक वळून वळून बघतात. चिमाजीनेही बघितलं. वजनदार साहित्य कशाला म्हणतात ते त्याला आज कळलं असेल. काख दुखते.

२० फेब्रुवारी
उरले नऊ दिवस, रोज एकाहत्तर पानं. शांतपणे विचार केला. ग्रंथ आधी वाचला तर मत कलुषित होतं. लेक्चर आधी लिहावं, ग्रंथ मागाहून सावकाश.

२७ फेब्रुवारी
लेक्चर पूर्ण, बावीस पानं. त्यात एक वाक्य फारच साधलंय: 'ग्रंथाच्या चारशे बाराव्या पानावर मी ढळाढळा रडलो.' आकडा घातला की भरवसा बसतो. सौ.ला वाचून दाखवलं. तिने विचारलं की हे रडणं कधी झालं, ती तर घरातच होती. बायकांना टीकाशास्त्र समजत नाही.

१ मार्च, रविवार
लिहू की नको? लिहितोच, इथे कोण वाचतंय.
सभा भरली होती. चिमाजी मागे दाराशी उभा. रडण्याच्या वाक्यापर्यंत लेक्चर उत्तम झालं. तेवढ्यात आनंदराव उठले. म्हणाले, ते पान वाचून दाखवाच, आम्हीही रडू. ग्रंथ उघडला. पानं जोडलेली! चारशे बारावंच नव्हे, आठव्यापासून शेवटपर्यंत सगळी. ड्रायव्हर नेहमी फाडून आणायचा, आणि ह्या खेपेला लाखेचं सील होतं. माझ्याच अर्जाने.
मग चिमाजी पुढे आला, चाकू धोतराला पुसला आणि सगळ्यांना म्हणाला, "भाऊसाहेबांनी फटीतनं वाचलं असंल. म्या बी पयलं तसंच वाचायचो, येक डोळा झाकून. लई तरास हुतो. डोळ्याला पानी येनारच की."
मग मात्र सभा जी हशाने फुटली! आनंदरावांचा चष्मा पडला. सौ.ने पदर तोंडात धरला होता.
चिमाजीने पानाची कड फाडून ग्रंथ हातात दिला. चारशे बाराव्या पानावर हत्तींची आंघोळ निघाली.

४ मार्च
दोष छापखान्याचा आहे. कडक पत्र लिहायला घेतलं. ठेवून दिलं.
लोक हसले त्याचं एवढं नाही. चिमाजी हसला नाही, ते फार लागलं. त्याला खरंच वाटलं होतं की मी फटीतून वाचलं. तेवढं तरी करायला हवं होतं.
आनंदराव घरी आले. निवड चिमाजीची. पण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा त्याने सांगायचं आणि फळ्यावर मी लिहायचं. साफ नाही म्हणणार होतो. खडू चांगल्या प्रतीचा हवा, अशी अट घातली.

९ मार्च
पहिला अभिप्राय. महाकाव्य चिमाजीने सभेतूनच उचलून नेलं होतं. आज सांगितलं ते असं: "हत्ती न्हात्यात त्ये पान वाचा. म्या गाडी हुबी करून दोनदा वाचलं. रडू न्हाई आलं, पन घरला जाऊन बैलं धुतली."
लिहिता लिहिता माझा एकच शब्द हळूच घातला, 'रसोत्कट'. चिमाजीने बोट ठेवत सगळं वाचलं आणि त्या शब्दाशी अडला. अर्थ विचारला, मी सांगितला. म्हणाला, "झ्याक हाय, भाऊसाहेब. पन त्यो माजा न्हाई." बाहीने पुसला.
खाली नाव लिहिलं: चिमाजी सोनबा, मुक्काम आंबवडे. पूर्ण मावलं.
संध्याकाळपर्यंत फळ्यापाशी गर्दी होती. मी जरा बाजूला उभा होतो. सौ. देवळातून येताना थांबली, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली की अक्षर सुरेख आलंय.
महाकाव्यासाठी तेरा नावं लागली. चौदावं माझं.