मधल्या फाटकापर्यंतची अर्धी वाट

मी, फ्लेविया बेसिल मिस्किटा, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, सेवानिवृत्त वाहतूक विश्लेषक, राहणार मिस्किटा हाऊस, आंबवणी पाखाडी, अंधेरी (पूर्व), मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं शाबूत आहे. डॉ. चैतन्य यांनी तसा दाखला दिलाय, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. कोणी आणलं असतं तर मला त्याची कीव आली असती. पुढच्या आठवड्यात माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. गुडघ्याने कोणी मरत नाही, माहीत आहे मला. पण शक्यता अगदी शून्य नाही, आणि शून्य नसलेली शक्यता हिशोबात धरायचीच, हे मी नोकरीभर सगळ्यांना सांगत आले.

याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. ते फारच रडकं होतं. ते लिहिलं तेव्हा मागच्या रस्त्यावर मेट्रोचा जिना उतरला नव्हता.

१. माझी मालमत्ता. माझे वडील बेसिल मिस्किटा यांनी आमच्या जागेचे दोन भाग केले. पाखाडीच्या गल्लीकडचा भाग, घर आणि विहीर माझ्याकडे आली. मागचा, मोठ्या रस्त्याकडचा भाग माझा धाकटा भाऊ डेन्झिल याच्याकडे गेला. मध्ये भिंत, आणि भिंतीत एक लोखंडी फाटक. पूर्वी ते फाटक सताड उघडं असायचं. अख्खी पाखाडी, म्हणजे आमची सगळी वस्ती, आमच्या विहिरीजवळून, त्या फाटकातून, डेन्झिलच्या अंगणातून बसस्टॉपवर जायची. आठ वर्षांपूर्वी डेन्झिलने त्याला कुलूप घातलं. त्याचं कारण पुढे येईलच.

२. जिन्याबद्दल. हे कलम मृत्युपत्रात कशाला, असं वकील राजेश यांनी विचारलं. म्हटलं, अहो, बाकीची सगळी कलमं ह्याच्यासाठीच आहेत!

वाहतुकीचं गणित मांडताना शहराचे तुकडे पाडतात. एका तुकड्याला झोन म्हणतात. झोनमधली हजारो माणसं एकेक करून गणितात घेता येत नाहीत, म्हणून ती सगळी एकाच बिंदूतून बाहेर पडतात असं धरून चालतात. त्या बिंदूपासून जवळच्या मोठ्या रस्त्यापर्यंत एक तुटक रेघ ओढतात. ती रेघ म्हणजे रस्ता नव्हे. ती नुसती गणिताची सोय असते.

मी नोकरीला नवीन होते तेव्हा एका सल्लागार कंपनीत आमचाच झोन माझ्या टेबलावर आला. बिंदू कुठे ठेवायचा? मी तो आमच्या विहिरीवर ठेवला! दिवसातून एकदा तरी पाखाडीतलं प्रत्येक घर तिथे यायचंच. रेघ ओढली ती फाटकातून, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. माझे वरिष्ठ चंद्रप्रकाश सर नकाशावर वाकून म्हणाले, "फ्लेविया, अर्धी अंधेरी तुझ्या विहिरीतून बाहेर काढतेस काय?" सगळं ऑफिस हसलं. बिंदू मात्र तिथेच राहिला.

आता पुढची गंमत. आमच्या धंद्यात नवा नकाशा कोणी कोरा सुरू करत नाही. आधीच्या माणसाचं रस्त्यांचं जाळं उचलायचं आणि त्यावर काम करायचं, हीच पद्धत. माझी रेघ अशी हातोहात, कंपनीतून कंपनीत फिरत राहिली. कुठल्यातरी हातात ती तुटक रेघ अखंड झाली. मग पुढच्याने ती बघितली आणि त्याला वाटलं, इथे गल्ली आहे. आणि नव्या मेट्रो स्टेशनचा जिना त्याने बरोब्बर त्या गल्लीच्या तोंडाशी उतरवला! जी गल्ली फक्त माझ्या डोक्यात होती! चूक कोणाची ते मला शोधायचं नाही. चूक झकास झाली.

जिना सुरू झाला त्या दिवशी मी काठी टेकत, पेट्रोल पंपावरून अख्खा वळसा घालून तो बघायला गेले. खालच्या पायरीवर उभी राहिले तर नाकासमोर डेन्झिलचं अंगण, अंगणाच्या टोकाला आमचं फाटक, फाटकाच्या सळ्यांतून माझी विहीर. एका सरळ रेषेत. मी भर रस्त्यात ओरडले, "अगं बाई, ही माझी रेघ!" एका रिक्षावाल्याने विचारलं, "क्या हुआ आंटी, गिर गई क्या?"

पण फाटकाला कुलूप आहे. जिन्यावरून माणसं उतरतात, मोबाइल त्यांना सरळ जा म्हणतो, आणि ती डेन्झिलच्या अंगणात भाड्याने लावलेल्या गाड्यांमध्ये उभी राहून भिंतीकडे बघतात. मग माझ्यासारखाच पंपावरून वळसा. मला ते बघवत नाही. भाजीच्या पिशव्या घेऊन, पोरं कडेवर घेऊन, भर उन्हात! वाट लागते त्यांची, आणि वाट तर इथेच आहे.

३. श्री. चंद्रप्रकाश, राहणार मुलुंड, यांना मी मोजणीचा माझा जुना खटका देते. चौकात उभं राहून माणूस गेला की दाबायचा, तो. सर, आठवतंय? प्रत्येक प्रकल्पात लोकांचा वाचलेला वेळ पैशात मांडायचा असतो. मी विचारलं होतं, घरच्या बाईच्या वेळेला काय भाव लावू? तुम्ही फाइलमधून मान वर न करता म्हणालात, "पगार शून्य, म्हणजे भाव शून्य."

माझी आई रोझमेरी पहाटे वाडीतला मुळा आणि वांगी टोपलीत भरून चालत अंधेरीच्या बाजारात जायची, विकून यायची, मग आमचं जेवण. आपल्या सर्वेक्षणात ती गृहिणी, आणि पायी फेरी धरायचीच नाही असा नियम, म्हणजे आमची आई जन्मभर घरातून बाहेरच पडली नाही! मी तणतणले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझी आई आहे म्हणून बोलतेस." हो सर, म्हणूनच बोलत होते. आता हा खटका घ्या आणि एका सकाळी वहिनींच्या मागोमाग बाजारात जा. त्या जिथे जिथे थांबतील तिथे एकदा दाबा. नंतर आकडा शून्य आला तर खुशाल फेकून द्या. राग गेलाय माझा. तुम्ही शिकवलेलं बाकी सगळं बरोबर होतं.

४. माझा भाऊ डेन्झिल बेसिल मिस्किटा याला मी काहीही देत नाही. एक पैसा नाही, एक चमचा नाही, आईची पितळी घागरसुद्धा नाही. हे मी पूर्ण विचाराने लिहिलं आहे. डेन्झिल, हे वाचून लगेच उठू नकोस. तुला उठायची सवय आहे.

आठ वर्षांपूर्वीच्या नाताळच्या जेवणाला डेन्झिलने सगळ्यांना सांगितलं की अंगणातली झाडं तोडून तो गाड्यांचं पार्किंग भाड्याने देणार. मी आत गेले, कागद आणला, सोरपोतेलच्या भांड्याशेजारी पसरला आणि मांडून दाखवलं. एका बाजूला तुझं भाडं. दुसऱ्या बाजूला पाखाडीचा वळसा, सावली, पोरांची खेळायची जागा. फायदा भागिले खर्च, उत्तर एकच्या खाली. म्हणजे योजना बाद! सगळे पाहुणे हसले. डेन्झिल ताटावरून उठला. "बाय, तुझ्या आकड्यांना जेवू घाल आता," एवढंच बोलला आणि दुसऱ्या दिवशी कुलूप. आकडा बरोबर होता, हे मी आजही लिहून देते. आणि तेव्हापासून माझा भाऊ माझ्या टेबलावर जेवलेला नाही, हेही लिहून देते. कुठल्या रकान्यात घालू ते मला अजून सुचलेलं नाही.

दोन गावांमधली ये-जा त्यांच्या आकाराबरोबर वाढते आणि अंतराबरोबर घटते, असं आमचं एक सूत्र आहे. भाऊ-बहिणीच्या घरांत अंतर एका भिंतीचं आणि ये-जा शून्य. सूत्रात बसतच नाही हे! मी कितीदा करून बघितलं.

५. माझं घर, विहीर, अंगण आणि आईची घागर मी डेन्झिलची मुलगी ॲश्ली हिला देते. येत्या जानेवारीत तिचं क्लेटनशी लग्न आहे. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पाखाडीतली प्रत्येक नवरी आमच्या विहिरीच्या पाण्याने न्हाली. ॲश्लीचं घर फाटकापलीकडे, विहीर फाटकाअलीकडे. परवा ती कठड्यावर बसून म्हणाली, "फ्लेवी आंटी, पाणी आणायला आम्ही काय रिक्षा करायची? घुमट वाजवणाऱ्यांना पंपावरून फिरवायचं?" हसत बोलली गं ती, पण डोळे भरले होते.

हे घर देताना माझी एकच अट आहे. गल्लीपासून विहिरीजवळून मधल्या फाटकापर्यंतचा पट्टा, दोन माणसं घागरी घेऊन शेजारी-शेजारी चालतील एवढा रुंद, सर्वांसाठी कायम मोकळा राहील. बिल्डर आला, टॉवर आला, तरी मोकळा. अट मोडली तर घर चर्चच्या ट्रस्टकडे जाईल, आणि फादरना मी सगळं समजावून ठेवलंय.

६. बँकेतली ठेव त्या पट्ट्यावर लाद्या, दिवा आणि बसायला एक बाक यासाठी. वर्षातून एकदा तिथून जाणाऱ्यांची मोजणी व्हावी. हे काम आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी कल्पिता करेल. ती माझ्या हाताखाली शिकली, आता पवईत शिकवते. कल्पिता, मोजणीत सगळ्यांचं मिनिट एकाच भावाने लावायचं. बँकवाल्याचं जे, तेच कोलंबी सोलून देणारीचं. कोणी वाद घातला तर माझं नाव सांग. आणि या वाटेचा हिशोब तू वर्गात घे! खर्च, एक कुलूप. फायदा, जिना पाडेपर्यंत रोजचा, सगळ्यांचा. असा भागाकार मला उभ्या नोकरीत मिळाला नाही गं. रात्री झोप लागत नाही मला आनंदाने.

७. एक गोष्ट मात्र मला देता येत नाही. मी माझी वाट देते, ती फाटकापर्यंत. पुढची डेन्झिलची आहे. त्याने नाही म्हटलं तर मी दिलेल्या लाद्या, दिवा, बाक सगळं एका बंद फाटकाशी जाऊन थांबेल. अर्ध्या वाटेने कोणी कुठे पोचत नाही. उपयोग शून्य, आणि यावेळी तो शून्य खरा असेल.

८. साक्षीदारांबद्दल. कायद्याने मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला दिलेली देणगी रद्द होते. म्हणून चौथं कलम, डेन्झिल. तुला एक चमचा जरी दिला असता तर तो तुला मिळाला नसता. मला चमचा द्यायचा नव्हता, मला तुझी सही हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचला पाहिजे असं काही नाही. पण तू वाच. मी आकडे घेऊन तुझ्याकडे आले तर तू पुन्हा उठशील, म्हणून ॲश्लीच्या हातून हे कागद पाठवून तुला इथे बोलावते आहे. भिंतीपलीकडून ये, नाहीतर पंपावरून ये. माझ्या टेबलावर बसून सही कर. सोरपोतेल केलंय.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून मी खुशीने, फार फार खुशीने, सही केली आहे.

ठिकाण: आंबवणी पाखाडी, अंधेरी (पूर्व), मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही: फ्लेविया बेसिल मिस्किटा

आम्ही दोघे हजर असताना फ्लेविया मिस्किटा यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. चैतन्य राऊत, अंधेरी (पूर्व). सही.

साक्षीदार २: डेन्झिल बेसिल मिस्किटा, आंबवणी पाखाडी. सही.

(साक्षीदार २ यांच्या हस्ताक्षरात, सहीखाली:)
बाय, दोनदा वाचलं. गणित कळलं नाही. किल्ली सापडली नाही म्हणून कुलूप कापून आलोय. गाड्यावाल्यांना महिनाअखेरची नोटीस दिली. ॲश्लीच्या पाण्याला आईची घागर तूच घ्यायची आहेस, पुढे चालायचं आहे. त्याआधी मरायचं नाही.