द्वारकेच्या बाकाला विरजण

३ नोव्हेंबर, सकाळी ७.
नदीकाठच्या शहाबादी बाकावरील अक्षरे झिजू लागली आहेत. बाक बसवून वर्षही झालेले नाही. मजकूर मी स्वतः रचला आहे, चार ओळींत: ‘कै. / द्वारका / हरी पेठे / यांच्या स्मरणार्थ’. निर्दोष. वीस तारखेला वर्षश्राद्ध. तिच्या माहेरची माणसे बाक पाहायला येणार. तत्पूर्वी तिचे नाव पूर्ववत झालेच पाहिजे.

५ नोव्हेंबर.
नात प्रणिता सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिला फोटो पाठवला. तिच्या मते शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. जिवाणू त्यावर वस्ती करतात, आम्ल सोडतात आणि दगड विरघळतो. मात्र काही चांगले जिवाणू चुना साठवून दगड सांधतातही. पुढे ‘पण आजोबा, ते लॅबमध्ये…’ असे काहीतरी म्हणाली. वाक्य अपूर्ण होते, सबब विचारात घेतले नाही.
चांगले जिवाणू माझ्या फडताळात आहेत. द्वारकेने लावलेले विरजण मी वर्षभर मोडू दिलेले नाही.

६ नोव्हेंबर.
तिच्या नावावर दह्याचा पहिला थर. समाधान.

९ नोव्हेंबर.
कुत्र्याने थर चाटला. काथ्याने घासून नवा लावला. घाट झाडणाऱ्या सोनुबाई म्हणाल्या, ‘मास्तर, दगडाला दही? त्यापरीस मला द्या, भाकरीसंगं खाईन!’ विज्ञानाची आस्था नाही.

१३ नोव्हेंबर.
‘द्वारका’ अधिकच पुसट. अर्थात वाईट जिवाणू चिवट आहेत. मात्रा दुप्पट केली. माझ्या नावाच्या ओळीला दही पुरले नाही. ती थांबू शकते.

१६ नोव्हेंबर.
तिच्या ओळीत डोळ्यांना काही दिसत नाही. बोटाला ‘द्वा’चा काना लागतो. बहुधा.
प्रणिता फोनवर ओरडली, ‘आजोबा, दही आंबट असतं! तेही आम्लच!’
या वेळी वाक्य पूर्ण होते.

१७ नोव्हेंबर.
शिळफाट्याच्या दशरथ पाथरवटाला चार फोन. ‘काका, लई काम हाय. पुढच्या महिन्यात बघू.’ विनवणी केली. मी! 
विरजणाची वाटी पाहिली. शेवटच्या थरासाठी खरवडून घेतली होती. चमचाभरही मागे ठेवले नव्हते.

२० नोव्हेंबर, सायंकाळ.
मेहुणा किशोर हार घेऊन आला. बाक वाचला, पुन्हा वाचला. ‘हरीभाऊ, ताई कुठंय? इथं तर तुम्हीच गेलात!’ कोणी हसले नाही.
सगळे गेल्यावर सोनुबाई म्हणाल्या, ‘मास्तर, सकाळी कोनी बाई तुमच्या नावावर फूल ठेवून गेली. मी सांगितलं, ते हायेत अजून. तरी ठेवलं.’
ते फूल उचलून मी कोऱ्या ओळीवर ठेवले.
येताना दुकानातून दह्याची पिशवी आणली. फोडलेली नाही.