आईच्या वहीतला नेटचा ताप

आई,

तुझी वही घेऊन इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात जातोय, शोधत बसू नकोस. काल फोनवरचा माणूस नेहमीसारखा म्हणाला, "भिंतीमुळे वायफाय अडत असेल." मी तुझी वही वाचून दाखवली. वायर थेट जुन्या लॅपटॉपला, वायफाय बंद, दिवसातून तीनदा वेगाची नोंद, सलग चौदा दिवस. प्लॅन शंभर एमबीपीएसचा आणि आकडा एकदाही चाळिसाच्या वर नाही. मग तो म्हणाला, वही घेऊन ऑफिसात या.

वॉर्डात पेशंटचा ताप लिहायचीस, तसा तू नेटचा ताप लिहिलास. तीस वर्षं नर्स होतीस ते उगाच नाही. इंजिनिअर असून मला हे सुचलं नाही. मी आपला तुझ्यावर खेकसलो, की तुझ्या आणि मावशीच्या व्हिडिओ कॉलमुळे माझ्या मीटिंग तुटतात.

वहीचा शेवटचा रकाना मी आज सकाळी पाहिला. रोज दहाच्या नोंदीपुढे एकच वाक्य आहे: "त्याची मीटिंग, ताईला फोन नाही."

दूध तापवून ठेवलंय. दहा वाजता मावशीला व्हिडिओ कॉल लाव. इतके दिवस कुठे होतीस असं तिने विचारलं, तर माझं नाव सांग.