अंगठा धरून चार

३ मार्च
आणि वर थोम विचारते, आई, फोटोत तेप कुठंय? कुठंय म्हणजे काय. झोळीत आहे. झोळी हलत होती म्हणून पोर हललं. झोळी थांबवली की पोर रडतं. रडकं पोर पाठवलं असतं तर म्हणाली असती, आई, रडवता का त्याला. सुनेचं समाधान करायला देव बसलाय. मी नाही बसले.

लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच कुणी खोटं पाडायला नको. खोय आणि थोम रविवारी साइगॉनकडे कारखान्यात परत गेले. थोमची बाळंतपणाची रजा संपली. नातू माझ्याकडे ठेवलाय. तेप म्हणजे जवळा. जन्मला तेव्हा तेवढाच होता. थोम बोटीत पाय ठेवताना म्हणाली, रोज त्याचा चेहरा दिसला तर मी तिथं तग धरेन. नाही दिसला तर वर्षाचा झाला की घेऊन जाईन, खोलीजवळ पाळणाघर आहे. पाळणाघर म्हणे. मी काय मेले? संध्याकाळी व्हिडिओ लावावा तर ती सुटते तोवर हा गाढ झोपलेला. म्हणून फोटो. खोयने त्याचा जुना मोबाईल दिलाय.

फोटोत काय असतं. बटण दाबायचं. उद्यापासून रोज एक चेहरा.

७ मार्च
एकोणीस फोटो. तेप चारात. त्यातल्या दोनात पाठमोरा. बाकी सगळ्यांत माझा अंगठा. हे म्हणाले, अगं, सूनबाईने नातवाचे फोटो मागितलेत. ह्यांना नुसतं बोलायला येतं.

११ मार्च, दुपार
ह्यांनी तेपला मांडीवर घेतलं. शेजारची लुआ येऊन बाजूला टेकली. मी दाबणार तेवढ्यात लुआ ताडकन उठली. म्हणाली, मेले, तीन जण झालो ना. फोटोत तिघं असले की मधलं जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मधे तेप. भर दुपारी चौथं माणूस कुठून आणू?

मग सुचलं. माझा अंगठा कोपऱ्यात येतोच. अंगठा आला म्हणजे मी आले. अंगठा धरून चार. लुआ म्हणाली, अंगठ्याला कुणी माणूस म्हणतं का. तिला म्हटलं, सरकारी ओळखपत्रावर माझी खूण म्हणून अंगठाच घेतात, मग इथं का नाही. परत येऊन टेकली.

१५ मार्च
हे सकाळपासून दाढ धरून बसलेत. म्हणतात, काल माझा आणि तेपचा फोटो काढलास, त्यात तुझा अंगठा होता. दोन आणि अंगठा, तीन. आणि मधे मी. त्यांना म्हटलं, दाढ गेल्या वर्षापासून किडलीय. ऐकतात थोडेच. शेवटी फोटो पुसला. तेपचा चेहरा पहिल्यांदाच त्यात नीट आला होता.

ठराव. दोघं असतील तर अंगठा बाहेर. तिघं असतील तर आत. एकटा तेप असेल तर कसाही चालेल.

२ एप्रिल
जुनी माणसं सांगतात, तिसऱ्याला कुशीवर, सातव्याला रांगणं, नवव्याला पाऊल. तेपला सात महिने झाले. चटई धुतली. कोंबड्या बांधल्या. फोन चार्ज. थोमला बोलून पाठवलं, रांगला की लगेच फोटो येईल, काळजी करू नकोस.

९ एप्रिल
एक गोष्ट कळली. मला फोटो काढता येतो. म्हणजे अंगातच आहे.

सकाळी उन्हाची तिरीप पाण्याच्या रांजणावर पडली होती. चोवीस वर्षं त्यात पाणी भरतेय, पण रांजण असा कधी दिसला नव्हता. पोट कसं सोन्याचं झालेलं. आठ फोटो काढले, एकाहून एक. अंगठा एकातही नाही. मागे वळले तर तेप चटईवर नव्हता. उंबऱ्याशी होता. रांगत गेला होता. उचलून परत चटईवर ठेवला. चल म्हटलं, रांग. मला बघून हसला आणि पालथा पडून राहिला. तासभर बसले. चटईवर हगला, पण रांगला नाही.

थोमला रांजण पाठवला. सोबत बोलून पाठवलं, तेप इथूनच रांगत गेला.

१० एप्रिल
थोमचं उत्तर. आई, कारखान्यात बायकांना फोटो दाखवला. त्या म्हणतात, पोर चांगलं बाळसेदार आहे, पण डोकं कुठंय?
शहरातल्या बायकांना उजेडातलं काय कळतं.

२१ मे
दात आला. खालचा. तोंड उघडून फोटो काढला तर आत नुसता काळोख. फ्लॅश लावला. तेप दचकला आणि चावला. बोटावर व्रण उठला, बारीक, एका दाताचा. त्या बोटाचा फोटो मात्र लख्ख आला. तोच पाठवला. पुरावा तो पुरावा.

६ जून
लुआने सगळे फोटो बघितले. म्हणाली, किती कुरूप. मला बरं वाटलं. तान्ह्या पोराला आमच्यात कुणी गोड म्हणत नाही, नजर लागते. तरी विचारलं, खरंच कुरूप ना? म्हणाली, अगं पोर नाही, फोटो.
जळते. तिच्या मुलाने तिला नवा मोबाईल दिलाय आणि ती त्यात काढते काय, तर फणस.

१८ जुलै
तेप उभा राहतो. माझ्या विजारीला धरून. फोटोसाठी मी लांब झाले की खाली बसतो. जवळ असले की फोनमध्ये माझा गुडघा आणि त्याची चार बोटं. सतरा फोटो, सतरा गुडघे. हे म्हणाले, खांबाला धरून उभा कर. केला. खांब सोडून रांगत माझ्याकडे आला आणि परत विजार धरली. असं सहा वेळा. हट्टी कार्टं, बापावर गेलंय.

थोमला म्हटलं, उभा राहतो, गुडघ्याच्या वर बघ. म्हणाली, आई, गुडघ्याच्या वर फोटो संपतो.

२ ऑगस्ट
थोमचा फोन. म्हणाली, स्वप्नात तेप आला होता. त्याला अंगठा होता. चेहरा नव्हता. असली स्वप्नं रात्री जड जेवल्याने पडतात, तसं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, वर्षाच्या कार्याला येतोय, तेव्हा ठरवू.
ठरवायचं काय त्यात. त्या दिवशी असा फोटो काढीन की बघून मुकाट परत जाईल.

२७ ऑगस्ट
उद्या वर्ष. सगळं ठरलंय. चटईच्या मधोमध तबक. तबकात कात्री, पेन, आरसा, मातीचं ढेकूळ, चिकट भाताचा गोळा. पोर ज्याला हात घालेल त्यावरून पुढचं आयुष्य कळतं. पलीकडे खोय आणि थोम, त्यांच्या पुढ्यात तेप. अलीकडे मी. ते तिघं, म्हणून अंगठा आत. उद्या रांजण बघायचा नाही. ऊन बघायचं नाही. कोंबड्या नाहीत. फक्त चेहरा.

खोय म्हणाला, आई, लुआकाकूच्या फोनवर काढू या ना, तिचा चांगला आहे. त्याला विचारलं, पोटच्या पोराचं कार्य शेजारणीच्या फोनवर? तो बापाकडे बघायला लागला. बाप दाढेकडे.

२८ ऑगस्ट, संध्याकाळ
झालं ते सरळ लिहिते.

पोटात पोर घडवणाऱ्या बारा दाया-देवींना खिरीचा नैवेद्य झाला. सगळे जागेवर. थोमने तेपला उभा धरला आणि म्हणाली, जा राजा, घे काय हवं ते. मी फोन धरला. चौकोनात तिघं, कडेला अंगठा, उजेड पाहिजे तसा. जन्मात असा चौकोन धरला नव्हता. दाबणार, तेवढ्यात तेपने आईचा हात सोडला.

एक पाऊल. कुणी हललं नाही. दुसरं. कात्री बघितली नाही, पेन बघितलं नाही. भात तुडवत तबकातून निघाला आणि चौकोनात मोठा मोठा व्हायला लागला. मागून थोम म्हणत होती, इकडे रे, इकडे, आई इकडे आहे. पाचव्या पावलाला डगमगला. मी फोन टाकला आणि त्याला धरलं.

फोन खिरीच्या पातेल्यात गेला.

फोटो लुआने तिच्या फोनवर काढला होता. माझी पाठ, माझ्या गळ्यात तेपचे दोन्ही हात, त्याचा चेहरा माझ्या खांद्यावरून इकडे बघणारा, लख्ख. मागे थोम गुडघ्यावर बसलेली, हात पुढे केलेले. लुआला म्हटलं, बरा आलाय, पण तिघंच आहोत, पूस. तिने पुसला नाही. थोमने तो फोटो बराच वेळ बघितला. मग मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

खीर वाया गेली म्हणून एवढं काय मनाला लावून घ्यायचं. फोन पुसून ठेवलाय, उद्या ऊन दाखवलं की चालू होईल.

२९ ऑगस्ट
थोम म्हणाली, आई, मी त्याला नेते. म्हटलं, फोटोंवरून ना? म्हणाली, नाही हो, फोटोंवरून नाही. तुम्ही त्याला जीव लावलात, मला माहीत आहे. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली. फोटोंवरूनच. फोन धड असता तर ही वेळ आली नसती, असं मी खोयला तोंडावर सांगितलं. तो तेपचे कपडे पिशवीत भरत राहिला.

दुपारच्या बोटीने गेले. तेपने विजार धरली होती. बोटं खोयने सोडवली. एकेक करून.

८ सप्टेंबर
फोन चालू होत नाही. तांदळात ठेवून झाला, उन्हात ठेवून झाला. लुआ म्हणाली, माझ्या फोनवर तेपचे फोटो मागवू का? म्हटलं, नको. लोकांच्या फोनमध्ये काय बघायचं.

आज ह्यांच्या साध्या फोनवरून खोयला लावला. विचारलं, तेप चालतो का? म्हणाला, चालतो ना, खोलीभर चालतो. विचारलं, कुणाकडे? म्हणाला, म्हणजे? म्हटलं, सोडला की कुणाकडे चालत जातो? म्हणाला, आई, शिफ्टची वेळ झाली, मग बोलतो.

परत लावला. लागला तेव्हा एका दमात सांगून टाकलं. फोटो नकोत, मला दिसणार नाहीत. पाळणाघर कसं आहे तेही नको सांगूस. पौर्णिमेपर्यंत वाट बघते, तोवर एवढं सांग, तो कुणाकडे चालत जातो. थोमकडे जात असेल तर तसं सांग. पण सांग.