डॉली कोण धरतंय?

४ मे

आलो एकदाचे मळीवाडीला! निपाणी हाकेच्या अंतरावर, आणि मागचं दार उघडलं की वेदगंगा. टेम्पोतून सामान उतरताना अर्धी गल्ली बघायला जमली. मी मुद्दाम कूलर एकट्यानं उचलला, म्हातारा अजून दमात आहे हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेला. हमालीपासून सुरुवात केली, शेवटी स्वतःचं शेड टाकलं, तरी खिडकी उघडली की समोर दुसऱ्याच्या शेडची भिंत. आता खिडकी उघडली की बगळे. सुला खुर्चीत बसून बगळ्यांना नावं ठेवत होती. हा लंगडा, तो भांडकुदळ, आणि तो मधला हुबेहूब तुमच्यासारखा, म्हणाली. तिचं माहेर याच काठाचं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून अशी हसलीच नव्हती.

शेजारी भरमा राहतो, तंबाखूचं रान आहे त्याचं. त्याची आई मालुबाई किटलीभर चहा घेऊन आली आणि पहिल्याच घोटाला सुलाला आक्का म्हणायला लागली.

संध्याकाळी दीपंकरचा फोन. पोरगा शहरात, टिळकवाडीत वकिली करतो, बापाशीसुद्धा उलटतपासणीच्या सुरात बोलतो. आप्पा, पावसाळ्यात पाणी चढलं तर आईला कसं बाहेर काढणार? तिला उंबरा ओलांडवत नाही, घर बैठं, वर गच्ची नाही. प्रश्न बिनतोड आहे. उत्तर शोधतो म्हटलं.

९ मे

उत्तर सापडलं. हायवेच्या कडेला एका भंगारवाल्याच्या आवारात, बाभळीखाली वर्षानुवर्षं उलटी पडलेली अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट. सहा-सात माणसं बसतील एवढी. मोटरही होती, पोत्यात गुंडाळलेली. मला एकच गोष्ट खटकली. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे भंगारातलं सोनं, आठवड्यात भट्टीला जातं. ही एवढी वर्षं कशी राहिली? मालक म्हणाला, कापायला घेतली की गडी हातोडा टाकून जात्यात, आळशी बेणी. मला काय, बरंच झालं.

ट्रॉलीतून उतरवताना भरमा म्हणाला, अण्णा, ही होडी न्हाय, जेवणावळीतली परात हाय. सुला म्हणाली, मला परातीत घालून नेणार व्हय? नेणार, म्हटलं. पाणी कितीबी येऊ दे, तुला कोरडी नेणार.

१५ मे

बोट आंब्याखाली लाकडी घोड्यांवर उलटी ठेवली. रंग खरवडला. मडकं घेताना बायका वाजवून बघतात तसा पत्रा वाजवत गेलो. माझे डोळे आता साथ देत नाहीत, पण कान अजून विशीतले आहेत. रिव्हेट सैल असेल तिथं पत्रा किरकिरतो, घट्ट असेल तिथं ठणठणीत बोलतो. डाव्या अंगाची पाण्याखाली जाणारी अख्खी शिवण, म्हणजे दोन पत्र्यांचा सांधा, सैल निघाली. एक कोडं मात्र आहे. खडकावर आपटली असती तर पत्रा आत दबला असता. हा बाहेर आलाय. आतून कुणीतरी ढकलल्यासारखा.

मोटर मात्र गुणाची. कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलला, पाण्याच्या पिंपात बुडवून ओढली आणि फुरफुरली. सुलानं टाळ्या वाजवल्या.

२२ मे

आजपासून रिव्हेट. पॉप रिव्हेट एकट्याला मारता येतात, पण ते मधून पोकळ, पाण्याखाली पाझरतात. तिथं भरीवच लागतात आणि त्याला दोन माणसं. एकानं बाहेरून हातोडा मारायचा, दुसऱ्यानं बोटीच्या आत शिरून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. डॉली नसेल तर रिव्हेट बसत नाही, पत्रा घंटेसारखा वाजतो. डॉली असली की आवाज बुजतो, भरल्या पोटासारखा.

दोघं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून बस-बॉडीच्या शेडमध्ये आमची ठोक्यांची भाषा होती, ती भरमाला शिकवली. आतून एक ठोका म्हणजे मार. दोन म्हणजे बसला, पुढं चल. तीन म्हणजे थांब. आणि प्रत्येकाला बाहेरून हातोड्याची टिचकी मारून उत्तर द्यायचं, ऐकलं म्हणून. तीन ऐकले की हात हवेतच थांबला पाहिजे, कारण आत कुणाचा तरी हात असतो.

भरमानं मध्येच पाच ठोके दिले. हे काय म्हणून वाकून विचारलं तर म्हणाला, चहा. बाहेर आल्यावर कान चोळत होता. वरातीत बँडच्या पुढं नाचलो, तरी एवढं कान दुखलं न्हाईत, म्हणे.

३ जून

भरमा पेरणीत अडकला. थांबतो कोण? गाडीचा जॅक आणि लाकडाचा टेकू लावून डॉली आतून दाबून बसवली, एका रिव्हेटला एकदा, मग सरकवायची. पहिल्यांदा जमलं. नंतर काम असं लयीत आलं की भान राहिलं नाही. एक ठोका, मी टिचकी देऊन मारायचो. दोन ठोके, टिचकी, पुढचं भोक. आवाज कसा छान बुजलेला! राहिलेली सगळी शिवण सकाळच्या सकाळी उरकली. सुलानं जेवायला हाक मारली.

हात धुताना लक्षात आलं. भरमा तर रानात आहे.

जाऊन वाकून पाहिलं. जॅक कधीच आडवा झालेला. डॉली गवतात पडलेली, तिच्यावर मुंग्या फिरत होत्या.

४ जून

डोकं ताळ्यावर ठेवून विचार केला. आमच्या घरात भूतखेत, अंगारे, उतारे चालत नाहीत. बुद्धवंदना चालते आणि कारण विचारणं चालतं. कारण सोपं आहे. उन्हात पत्रा तापतो, तापला की ठोक्यांसारखा वाजतो.

पण डॉलीवाचून रिव्हेट बसत नाही. हे तर मीच शेडमधल्या पोरांना शिकवत आलो.

आत शिरून बोटानं चाचपलं. भरमानं धरलेल्या रिव्हेटची टोकं सपाट आहेत, लोखंडावर चेपलेली. कालची सपाट नाहीत. मेण अंगठ्यानं दाबावं तशी खोलगट. आणि ओली. अजून पाऊस नाही.

सुलाला सांगितलं नाही. तिनं विचारलं, कधी फिरवणार मला?

११ जून

मालुबाई सुलाला भाजी निवडून द्यायला येते. आज परसात आली, बोट बघितली आणि तिचा चेहरा उतरला. इतके दिवस ताडपत्री होती, रंगही खरवडलेला, म्हणून ओळखली नव्हती. पुढच्या टोकाला पोचा आहे त्याच्यावरून ओळखली.

मागच्या मोठ्या पुरात ही बोट घेऊन लांबची पोरं आली होती, माणसं काढायला. वरच्या आळीची शेवटची खेप. सगळ्यांनाच चढायचं होतं. प्रवाहात उलटली आणि बाभळींत अडकली. खाली माणसं राहिली. उलट्या बोटीत हवा राहते ना, तिच्यात. मालुबाई आणि गल्लीतले लोक कौलांवर बसलेले; भरमा तेव्हा बाहेरगावी होता. त्यांना ऐकू येत होतं. ठोका. मग जरा थांबून ठोका. जायला वाट नव्हती, पाणी ओढून नेत होतं. उत्तर तरी काय द्यायचं, देवाप्पाअण्णा, म्हणाली. आम्ही येतोय असं वाटलं असतं त्यास्नी. म्हणून समद्यांनी तोंडं फिरवली, गप बसलो. दुसऱ्या दिशी दुपारी ठोकं थांबलं.

ती पदरानं तोंड पुसत गेली.

त्यांना कुणी उत्तर दिलं नव्हतं. मी दिलं. प्रत्येक ठोक्याला.

१४ जून

बोट कापून टाकायची ठरवली. ग्राइंडर लावला. पातं पत्र्याला टेकलं न टेकलं तोच आतून तीन ठोके.

हात थांबला. चाळीस-पन्नास वर्षांची सवय, मी काय करणार. आत कुणाचा तरी हात असतो.

पुन्हा लावला. पुन्हा तीन. मग सगळीकडून, पुढून, मागून, दोन्ही अंगांनी. तळव्यानं. लहान तळवेही होते त्यात, आवाजावरून कळतं. भरमा कुंपणापाशी उभा होता. त्याला काही ऐकू आलं नाही. म्हणाला, अण्णा, घाम किती आलाय तुमास्नी, बसा जरा.

ताडपत्री टाकली. आता तिकडं जायचं नाही.

२ जुलै

पाऊस लागलाय. ताडपत्रीवर थेंब वाजतात त्यात ते ठोके वेगळे कळतात. भरदुपारी, स्वयंपाक चालू असताना. एक. थांबून एक. त्या पुरातल्यासारखे दमलेले नाहीत. वाट बघणाऱ्या माणसाचे आहेत.

दीपंकरला कळवलं, टिळकवाडीला येतो. तो खूश. आप्पा, शेवटी निकाल माझ्या बाजूनं लागला, म्हणाला. या रविवारी नेतो.

६ जुलै

सुलाला ताप. डॉक्टर निपाणीहून आले. छातीत कफ आहे, इतक्यात हलवू नका म्हणाले. पुढच्या आठवड्यात बघू.

एक. थांबून एक.

१९ जुलै

सुला बरी. गाडी उद्या सकाळी येणार. पिशव्या भरल्या. नदी मळीत, काठच्या रानात आली आहे, पण घर अजून लांब.

ताडपत्री खाली पडलेली. वारा नव्हता.

२० जुलै, सकाळ

वरच्या धरणातून पाणी सोडलं. ओढ्यावरचा पूल गेला. दीपंकर पलीकडं हायवेवर उभा, फोनवर रडतोय. वकील माणूस, रडतोय.

गल्ली रिकामी. पूल जाण्याआधी, पहाटेच ट्रॅक्टर येऊन सगळ्यांना घेऊन गेला. आमच्या दाराशी थांबलाच नाही. भरमाला फोन लावला. तो निपाणीच्या शाळेत पोचलाय. म्हणाला, अण्णा, तुम्ही अजून तितंच? ट्रॅक्टरवाल्याला मीच सांगितलं की हो, त्यांच्याकडं बोट हाय, त्यांची काळजी नगो. त्याच्या मागं मालुबाईचा आवाज ऐकू आला. बसू नका म्हणावं त्यात, बसू नका —

फोन गेला.

११ वाजता

पाणी न्हाणीत. सरकारी बोट मागितली होती, वाट बघा म्हणाले. वाट बघतोय.

सुलाला पलंगावर उशा रचून बसवलं. ती शांत. परात काढा की बाहेर, म्हणते. एवढी ठोकलीत कशाला मग?

१ वाजता

पाणी पलंगाला लागलं. कौलांवर तिला चढवता येत नाही. प्रयत्न केला. ओरडली. खुबा —

बोट घोड्यांवरून आपोआप सुटली आहे. सुलटी झाली आहे. मागच्या दाराला येऊन टेकली. मी हातही लावला नव्हता.

दुसरा उपाय नाही. तिला कोरडी नेणार म्हटलं होतं.

दुपार

बोटीत आहोत. सुला पुढं, ब्लँकेटमध्ये. मोटर मागं बसवली, पहिल्या ओढीत सुरू झाली. हायवे दिसत होता. दीपंकरची छत्री दिसत होती. मग मोटर घुसमटली. बोट जागच्या जागी उभी. आम्ही दोघंच, आणि पाणी बोटीच्या काठाला चार बोटं कमी. भरलेल्या बोटीसारखी बसली आहे. भरलेलीच आहे.

डोकं ठिकाणावर राहावं म्हणून लिहितोय. दीपंकर, वेडेपणानं आणलं नाही रे हिला.

ठोके खालून. मी तीन दिले. थांबा. थांबा. थांबत नाहीत. शिवण वर येते आहे, माझी शिवण, रिव्हेट खालून उचलतायत. सगळ्यात मोठा रिव्हेट सैल झाला त्याच्यावर डॉली दाबून धरली आहे. एक हात डॉलीवर, एक वहीवर. आता आत मी आहे, बाहेर ते.

त्यांना आम्हाला मारायचं नाही. एवढं कळतं ठोक्यांवरून. त्यांना फक्त वर यायचंय. उत्तर मिळालं म्हणून आलेत —

सुला मागं वळली. अहो, खाली कोण हाय? तिला ऐकू आलं. आता तिलाही.

कुणी नाही म्हटलं.

ऐकत नाही. पोर हाय लहान, म्हणते. जागा हाय की, घ्या की वर —

काठावर वाकली आहे. हात पाण्यात घातलाय. सुला. सुला, हात काढ —

हसते आहे. धरला म्हणते, घट्ट धरला. बोट तिच्या बाजूला कलतेय. डॉली सोडली तर तळ जातो. न सोडली तर ती

वही टाकतो, एक हात तरी